बिनअळीची भेंडी

श्रावणातला गुरुवार. मारुतीच्या देवळात बाया पोथीला जमल्या होत्या. पोथीचं फडकं अजून सुटलं नव्हतं, तेवढ्यात कमलबाईनं ओटीतून एक भेंडी काढली आणि सगळ्यांच्या पुढ्यात कट्कन मोडली.

“बघा व माय! हाय का कुठं अळी?”

भेंडी हातोहात फिरली. भोक नाही, डाग नाही. म्हाताऱ्या धुरपताबाईनं ती डोळ्यांशी नेली आणि मान हलवली. “माझ्या परसात तर फुलातच अळी बसती. आनि इथं औषधाचा थेंब न्हाई, तरी असं!”

“माळकऱ्याचा मळा हाय तो,” कमलबाई म्हणाली. “कुठं तोंड घालावं ते अळीला बी कळतं.”

बाया हसल्या. पोथी वाचायला बसलेला रंगनाथही हसला. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून म्हणाला, “मी कोन करनार? पांडुरंगच राखनीला बसलाय मळ्यात.”

नर्मदाबाईंनी बसल्या जागी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. आपण धरलेला नेम देवाला पावला, असं त्यांना त्या घटकेला अगदी आतून वाटलं. पुढं सगळं उघडं पडल्यावर त्यांना सगळ्यांत जास्त जाळलं ते ह्याच आठवणीनं.

गाव पेडगाव स्टेशनापासून चालत येण्याजोगं. चातुर्मास लागला की गावातल्या बाया आपापले नेम घेत. कोणी मीठ सोडी, कोणी पानावर जेवी, कोणी पिंपळाला पाणी घाली. नर्मदाबाईंचे नेम बारमाही होते. उजाडायच्या आत स्नान, तुळशीला प्रदक्षिणा आणि जेवताना मौन. पहिला घास घेतला की पान संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. सासू होती तोवर म्हणायची, “हिच्या पानात मीठ कमी पडलं तरी आपल्याला कळायचं न्हाई.” एरवीही त्यांचा आवाज इतका हळू की पलीकडच्या माणसानं कान पुढं करावा.

हे औषधाचं त्यांच्या मनात आलं ते मागच्या भादव्यात. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. सोळा भाज्यांची तयारी करताना त्यांनी भेंडी पाण्यात टाकली, आणि पाण्याला वास आला. कपाशीवर फवारा मारून नवरा घरी आला की त्याच्या सदऱ्याला यायचा, तोच. तीन पाणी बदलली तरी वास हाताला राहिला. वेळ निघून चालली होती, सवाष्णी खोळंबल्या होत्या. त्याच हातानं त्यांनी नैवेद्य दाखवला. देवीच्या मुखवट्याकडं वर बघवेना. वर्षभर ती गोष्ट त्यांना बाभळीच्या काट्यासारखी सलत राहिली.

मग या आषाढी एकादशीला त्यांनी देवळात संकल्प सोडला. औषध मारलेलं माळवं, मग ती फळभाजी असो की पालेभाजी, चार महिने चुलीवर चढवणार नाही.

“मंग खाशील काय? तुळशीचा पाला?” धुरपताबाईनं विचारलं होतं.

“भाकरी खाईन आजी. वरन खाईन.”

“आनि तुझ्या एकलीच्या न खाण्यानं कोन फवारायचं थांबतंय?”

नर्मदाबाईंनी पदर सावरला. एवढ्या बायांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. “एकलीनं न्हाई थांबायचं. पर रानात काय मारायचं ते आपल्याला कोनी इचारत न्हाई. चुलीवर काय चढवायचं ते तर आपल्याच हाती हाय ना? समद्यांनीच न्हाई घेतलं, तर मळेवाला कुनासाठी फवारल?”

मग कमलबाई म्हणाली, “हे खरं हाय, बाई.” ती म्हणाली म्हणून तिच्या जावा म्हणाल्या, त्यांच्या शेजारणी म्हणाल्या. बघता बघता तो एकीचा नेम आळीचा झाला आणि आळीचा गावाचा. सुगीला ज्वारीचं माप घालून वर्षभर माळवं घ्यायची गावात रीत होती. बायांनी ठरवलं, जो औषधाशिवाय पिकवील त्यालाच माप.

रंगनाथ नर्मदाबाईंचा चुलत दीर. त्याचा मळा तात्यारावांच्या विहिरीवर भिजायचा, म्हणून माळवं दोन्ही घरांत निम्मं निम्मं. तात्याराव म्हणजे नर्मदाबाईंचे मालक. रंगनाथनं पोथीवर हात ठेवला आणि बोलला, “वैनीचा नेम तो माझा नेम. मळ्यात औषध येनार न्हाई.” पोथीवर हात, गळ्यात माळ. कोणाला आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. माळवं घरपोच यायचं, तेही धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून. बाया म्हणायच्या, काय सोवळं पाळतो बाई!

आणखी एक जण माळवं घेऊन आली होती, ती सरजाबाई.

ओढ्यापलीकडं, गायरानाच्या कडेला तिचा तुकडा होता. मुलगा पूर्णेला रेल्वेत लागलेला. ही एकटीच रान करायची. आषाढ संपता संपता ती नर्मदाबाईंच्या अंगणाबाहेर टोपलं घेऊन उभी राहिली. टोपल्यात चुका होता, भेंडी होती. चुक्याची पानं जाळीसारखी झालेली, भेंडीला भोकं.

“नर्मदाबाई, तुमच्या नेमाचं ऐकलं. मी तर कधीच औषध मारलं न्हाई. राख मारते, लिंबाचा पाला कुटून त्याचं पानी शिंपडते. माजं बी घ्या की.”

नर्मदाबाईंनी टोपल्यात पाहिलं. मग सरजाबाईकडं पाहिलं. सरजाबाई बौद्ध वस्तीतली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात गावानं वस्तीवर बंदी घातली होती. त्याला आता काही वर्षं झाली होती, पण तेव्हापासून वस्तीतलं कोणी गावात काही विकायला आलं नव्हतं आणि गावानं बोलावलंही नव्हतं.

“तुझं चांगलंच असंल बाई,” नर्मदाबाई हळू म्हणाल्या. “पर आमच्या नेमाचं हाय. देवाला लागतं.”

सरजाबाई टोपलं उचलून गेली. नर्मदाबाईंना वाटलं, आपण किती सांभाळून बोललो.

*

ऋषिपंचमी उजाडली. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगर न लागलेल्या जागेत, हातानं उकरून जे लावलं असेल तेवढंच पानात. रंगनाथच्या मळ्याच्या बांधावर अळू होता, भोपळ्याचा वेल होता. दरवर्षी तो आणून देई. यंदा नर्मदाबाईंना वाटलं, आपल्या नेमाचं पहिलं वर्ष, आपल्या हातानं खुडू. तात्याराव सकाळीच जिंतूरला पाहुण्याकडं बैल बघायला म्हणून बाहेर पडले होते. आघाड्याच्या काडीनं दात घासून, स्नान करून, ओल्या केसांनी त्या मळ्याकडं निघाल्या.

विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या फांदीला तुळशीची माळ अडकवलेली होती.

नर्मदाबाई जागच्या जागी थबकल्या. माळकरी अंघोळीला सुद्धा माळ काढत नाही. गळ्यात पडली की ती त्याच्यासोबतच जायची. भावजींचं काही बरंवाईट तर नाही ना झालं? “रंगनाथ भावजी!” म्हणत त्या विहिरीच्या काठाशी धावल्या, वाकून आत पाहिलं. पाणी स्थिर होतं. त्यावर लिंबाची दोन पिवळी पानं तरंगत होती.

तेवढ्यात अंबाडीच्या रांगेपलीकडून आवाज आला. खर्रक, खर्रक. कपाशीच्या दिवसांत गावभर ऐकू यायचा तोच, पंपाच्या दांड्याचा.

त्या पुढं गेल्या. रंगनाथ तोंडाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन भेंडीच्या सरीतून चालला होता. पांढरा फवारा पानांवर बसत होता. आणि हौदाजवळ, डब्यातलं औषध काडीनं पाण्यात ढवळत, उकिडवे बसले होते तात्याराव.

“जिंतूरला गेल्तात ना तुमी?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

तात्यारावांच्या हातातली काडी थांबली. रंगनाथनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. त्याचा हात सवयीनं गळ्याकडं गेला आणि मोकळाच परत आला.

“वैनी, ते आपलं, भेंडीवर जरा मावा पडल्ता...”

“माळ तिकडं लटकून हाय भावजी.”

“मंग? माळ घालून कसं मारावं?” रंगनाथ खरोखरच दचकून म्हणाला. “तेवढं पाप मी न्हाई केलं वैनी. दर बारीला काढून ठेवतो, अंग धुतो, मंगच घालतो.”

दर बारीला. नर्मदाबाईंच्या डोळ्यांपुढून ओली फडकी गेली, धुतलेली भेंडी गेली, देवळातला तो गुरुवार गेला.

“आनि पोथीवर हात ठेवला ते?”

रंगनाथनं खाली पाहिलं. “पैला फवारा मारला तवाच मनात माफी मागितली व्हती देवाची.”

तात्याराव उठले. चोरी पकडली गेल्यावर माणूस चिडतो तसे ते चिडले होते. “अगं, अळीला तुझा नेम ठाऊक हाय का? पैल्या तोड्याला इमानदारीनं काय बी मारलं न्हवतं. निम्मा मळा किडला. तवा तुझ्या कमलबाईनंच टोपलं वापस लावलं, किडकं नको म्हनून. समद्यांला बिनऔषधाचं पायजे आनि बिनअळीचं बी पायजे! मंग काय करावं मानसानं?”

“मला सांगावं.”

“सांगितलं असतं तर उपाशी बसली असतीस तू.”

“बसले असते की.” नर्मदाबाईंचा आवाज होता त्याहून खाली गेला. “माझ्याम्होरं बसून रोज जेवलात तुमी. मी मौन धरून तेच खात व्हते. तुमाला एक डाव बी वाटलं न्हाई, हिला सांगावं?”

“मेलीस का? मी मेलो का? धुऊन घेतलं की काय व्हत न्हाई.”

“मला धुऊन घ्यायचं न्हवतं. मला घ्यायचंच न्हवतं.”

तात्याराव जवळ आले. आता त्यांनी आवाज मऊ केला. “हे बघ, महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. गावाच्या सोळा भाज्या ह्याच मळ्यातून जायच्यात. सणासुदीला घराची फजिती करू नको. चार महिन्याचा तर खेळ हाय.”

खेळ. नर्मदाबाईंनी तो शब्द ऐकला आणि त्यांना वाटलं, लग्न होऊन आल्यापासून ह्या माणसाला आपण पान वाढत आलो, ह्याच्या हातून तीर्थ घेत आलो, आणि ह्यानं आपल्याला कधी ओळखलंच नाही. बांधावरचा अळू तसाच ठेवून त्या माघारी फिरल्या. लिंबाखालून जाताना माळ वाऱ्यानं हलत होती. त्यांनी तिच्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

*

दुपारी देवळात बाया ऋषींच्या पूजेला जमल्या. पाटावर तांदळाच्या ढिगल्या, त्यांवर सुपाऱ्या. सात ऋषी आणि त्यांच्याजवळ अरुंधती. कहाणी झाली. अक्षता वाहून झाल्या. परवा तेरवाच्या स्वयंपाकाची बोलणी सुरू झाली, तशा नर्मदाबाई उठून उभ्या राहिल्या.

“बायांनो, रंगनाथ भावजीच्या मळ्यात औषध मारत्यात. आज माझ्या डोळ्यानं बघितलं. पैल्या तोड्यानंतर दर बारीला मारत्यात. आपून जे खाल्लं ते समदं औषधाचंच व्हतं. महालक्ष्मीला ते दाखवू नका.”

सगळ्यांच्या माना हळूहळू कमलबाईकडं वळल्या. कमलबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“इहीर तुझी,” ती म्हणाली. “निम्मं माळवं तुझ्या घरी. निम्मं माप तुझ्या कणगीत पडनार. आनि तुला आज कळलं व्हय?”

“कमल, खरंच सांगते...”

“नेमाच्या नावानं घर भरून घेतलं म्हन की! आमी आपल्या डोळे झाकून नर्मदाबाई, नर्मदाबाई करायलाव.”

नर्मदाबाईंना बोलायचं होतं. पण रंगनाथनं फसवलं, मालकानं फसवलं, हे दोनदा सांगितलं तरी तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला ते आपणच रचलेलं वाटेल, हे त्यांना उभ्या उभ्या कळून चुकलं. धुरपताबाई मध्ये पडली.

“जाऊ द्या व. अजानता खाल्लं, त्याचं पाप लागत न्हाई.”

“आता तर जानून बसलाव ना आजी,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“मंग सोळा भाज्या काय आभाळातून आनाव्या?” मागून कोणीतरी म्हणालं. “आमी तर सांगून बी बसलाव रंगनाथला.”

“जरा जास्त पान्यानं धुऊन घेऊ.”

“चिंचंच्या पान्यात टाकू.”

“सरजाबाईच्या रानात हाय माळवं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “भोकं हायेत, पर औषध न्हाई. आता मला कळलं, भोकं हायेत म्हनूनच न्हाई.”

कमलबाई उठली, पदर झटकला. “महालक्ष्मीच्या पानात वस्तीतलं माळवं? तुझं डोस्कं ठिकानावर हाय ना?”

“औषधाचं चालतं, आनि तिचं चालत न्हाई?”

हे त्या इतक्या हळू बोलल्या की पुढच्या दोघींनाच ऐकू गेलं. त्या दोघींनी ऐकलं नाहीसं केलं.

बाया पांगल्या. अरुंधतीची सुपारी ढिगलीवरून घरंगळून खाली पडली होती. नर्मदाबाईंनी ती उचलून जागच्या जागी ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी त्या टोपलं घेऊन ओढा ओलांडून गेल्या. सरजाबाई खुरपत होती. तिनं पाहिलं, पण खुरपं थांबवलं नाही.

“आज इकडं कशी वाट चुकली?”

“माळवं पायजे व्हतं.”

“रंगनाथ माळकऱ्याचं संपलं का?” मग खुरपं बाजूला टाकून ती हसली. “ऐकलंय मी. गावात शिंकलं तरी वस्तीत कळतं. उलटं तेवढं व्हत न्हाई.”

नर्मदाबाई उभ्याच राहिल्या. सरजाबाई बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचं हसू गेलं.

“आखाडात तुमच्या दारात उभी व्हते. तवा भोकं दिसली तुमाला. आता भोकंच पायजेत व्हय? आनि एक सांगू का, बंदी घालायला तुमी गाववाले लय हुशार. आमच्यावर घातली तवा गिरनीत दळन न्हाई, दुकानात मीठ न्हाई. काय पक्की बंदी व्हती! एक घर फुटलं न्हाई. तुमचं बी न्हाई. आनि इखाच्या माळव्यावर घातली, ती दोन महिने टिकली न्हाई.”

नर्मदाबाईंना त्या वेळचं आठवत होतं. दाराच्या फटीतून त्यांनी सरजाबाईला दुकानावरून रिकाम्या हातानं परत जाताना पाहिलं होतं. घरात मिठाची बरणी भरलेली होती. त्यांनी दार उघडलं नव्हतं. त्या दिवशीही जेवताना त्यांनी मौन पाळलं होतं.

“खरं हाय तुजं,” त्या म्हणाल्या.

सरजाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग उठून भेंडी तोडायला लागली. “देते. पर पदराआड न्यायचं न्हाई. टोपलं डोक्यावर घ्यायचं, येशीतून जायचं. कुनी इचारलं तर माजं नाव सांगायचं.”

“सांगते.”

“आनि नेम तुमचा चार महिन्याचा. पाचव्या महिन्यात मला वळखसाल का?”

नर्मदाबाईंना रंगनाथचा पोथीवर ठेवलेला हात आठवला. शब्द द्यायचीच त्यांना भीती वाटली. “आता काय सांगू सरजाबाई,” त्या म्हणाल्या. “तवा बघ.”

वेशीत पारावर माणसं बसली होती. कोणीतरी विचारलं, “वैनी, काय आनलं?”

“भेंडी हाय, दोडके, चुका,” त्या म्हणाल्या. “सरजाबाईच्या रानातलं.”

त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

*

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी धुरपताबाई मागच्या दारानं आली. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, “रातभर डोळा न्हाई लागला गं. देवीच्या पानापुरती चार भेंड्या दे. पदरात घाल. सूनबाईला दिसू नये.”

नर्मदाबाईंच्या जिवाला लागलं. पण त्या म्हणाल्या, “आजी, पदराआड द्यायची न्हाई, असं कबूल करून आनलीय. म्होरच्या दारानं या. टोपलंभर देते.”

धुरपताबाईनं पुढच्या दाराकडं पाहिलं. मग पदर सावरत आली तशी गेली. पुढचं दार दुपारपर्यंत उघडं होतं. त्यातून कोणी आलं नाही. बोलावलेल्या सवाष्णींनी, अंग दुखतं, पाहुणे आलेत, असे निरोप धाडले.

नर्मदाबाईंनी एकटीनं स्वयंपाक केला. भेंडी चिरताना आतली हिरवी अळी काडीवर घेऊन त्या तुळशीपाशी सोडत होत्या आणि राहिलेली भेंडी चिरत होत्या. सोळा भाज्या भरल्या नाहीत. ज्या झाल्या त्या त्यांनी देवीपुढं मांडल्या. हात जोडताना त्यांनी मुखवट्याकडं वर पाहिलं. मागच्या वर्षी पाहवलं नव्हतं, यंदा पाहवलं.

तात्याराव पानावर बसले. पुरणपोळी मोडली आणि भाजीकडं हात नेता नेता थांबले.

“भेंडी कुठली?”

“सरजाबाईची.”

“म्हंजे पारावर बोलत व्हते ते खरं?” हात ताटावरून मागं आला. “मी नको म्हनलं असतं, हे ठाऊक व्हतं ना तुला?”

“व्हतं.”

“तरी मला न सांगता?”

नर्मदाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. हे आपण काय विचारलं, ते तात्यारावांनाच कळलं नाही की कळून त्यांनी तसंच रेटलं, कोण जाणे. ते उठले.

“नैवेद्याच्या पानावरून उठू नये,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“मला नको असला नैवेद्य!”

औषध मारलंय हे माहीत असून जेवताना त्यांच्या ह्याच हाताला कधी जड गेलं नव्हतं. नर्मदाबाईंनी आपलं पान वाढून घेतलं. नवऱ्याच्या आधी जेवायची ही त्यांची पहिलीच वेळ. पानाभोवती पाणी फिरवून त्यांनी भेंडीचा घास तोंडात घातला आणि त्यांचं मौन सुरू झालं.

“गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस! बोल की आता! बोल!” तात्याराव दारात उभे राहून ओरडत होते. नर्मदाबाई एक एक घास चावून जेवत राहिल्या. शेवटी ते पायात वहाणा सरकवून निघून गेले. रंगनाथकडं जेवले, असं नंतर कानावर आलं.

*

त्यानंतर त्या घरात माळव्याचा विषय निघाला नाही. त्या वरण भाकरी करीत, तात्याराव जेवत आणि उठत. देवळात गुरुवारची पोथी चालू राहिली. रंगनाथच वाचायचा, माळ गळ्यात असायची, बायाही पूर्वीइतक्याच असायच्या. बायांचा नेम कोणी मोडला असं नाही. कोणी त्याचं नावच काढलं नाही. नर्मदाबाईंनी पोथीला जायचं सोडलं. इतक्या वर्षांचा नेम मोडूनही त्यांना पाप वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच वाटत राहिलं.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला पारणं फिटलं, सगळ्यांचे नेम सुटले. वांगी चार महिने वर्ज्य होती. आता घरोघरी भरल्या वांग्यांचा वास सुटला. रंगनाथच्या मळ्यातून टोपली भरभरून जात होती. काळीभोर, गुळगुळीत, बिनभोकाची.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई स्नान उरकून, तुळशीला पाणी घालून ओढ्याकडं निघाल्या.

सरजाबाईनं त्यांना लांबूनच पाहिलं. जवळ आल्यावर म्हणाली, “नेम सुटला ना तुमचा?”

“सुटला.”

“मंग आज काय?”

“वांगी हायेत का?”

सरीत उतरून सरजाबाईनं वांगी तोडली आणि टोपल्यात घातली. किडकी मुद्दाम वर ठेवली. नर्मदाबाईंनी ते पाहिलं, आणि तसंच टोपलं डोक्यावर घेतलं.

वेशीत पारावर माणसं होती. त्यांच्यात तात्यारावही होते. बायकोला येताना पाहून त्यांनी मान खाली घातली आणि तळहातावरची तंबाखू मळायला लागले. शेजारच्यानं त्यांना कोपरानं ढोसलं.

“तात्याराव, वैनी काय घेऊन चालल्या?”

“मला काय ठावं,” तात्याराव म्हणाले.

नर्मदाबाई थांबल्या. डोक्यावरचं टोपलं त्यांनी एका हातानं सावरलं.

“वांगी,” त्या म्हणाल्या, त्यांना जमेल तेवढ्या मोठ्यानं. “सरजाबाईची.”